नावाची पुतळी, निनावी वीरगळ

प्राचीन इजिप्तमध्ये मृताबरोबर थडग्यात लहान पुतळ्या ठेवीत. त्यांना ‘शब्ती’ म्हणत. परलोकीही शेत कसण्याची आणि वाळू वाहण्याची वेठ चुकत नाही, अशी त्या लोकांची समजूत होती. मृताला हाक आली की त्याच्या ऐवजी पुतळीने ‘ओ’ द्यावी, म्हणून तिच्या अंगावर मंत्र आणि धन्याचे नाव लिहीत. पुढे तर वर्षाच्या दर दिवसाला एक याप्रमाणे ३६५ मजूर व त्यांच्यावर ३६ मुकादम, असा ४०१ पुतळ्यांचा ताफा देण्याची चाल पडली.

१८१७ साली बेल्झोनी याने पहिल्या सेती राजाचे थडगे उघडले. तेथील शेकडो शब्ती पुढे देशोदेशीच्या संग्रहांत पांगल्या. तथापि अंगावर नाव असलेली पुतळी कोठेही गेली, तरी आपला धनी सांगते.

सातारा-सांगलीकडे रणात पडलेल्यांसाठी वीरगळ उभारीत. खाली झुंज, मध्ये अप्सरांसह स्वर्गारोहण, वर शिवपूजन आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी. वाई तालुक्यातील किकली येथे भैरवनाथाच्या देवळाच्या परिसरात असे अनेक दगड आहेत. पण बहुतेक वीरगळांवर अक्षरही नसते. ज्या शिवेवर वा देवळापुढे तो उभा असतो, ती जागा हीच त्याची ओळख. दगड हौसेने उचलून नेला किंवा पायरीला बसविला, की ती ओळख पुसते. आणि रणात एकदा पडलेला वीर दुसऱ्यांदा मरतो. म्हणून वीरगळ हलविण्यापूर्वी त्याची जागा टिपून ठेवणे, हेच त्याचे खरे जतन होय.