राजाचा बाप

उचगावात हायवेला उभं राहिलं, की दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग कागलच्या दिशेनं सरकताना दिसते. गैबी पिराच्या उरुसाला आमच्या भागातली हिंदू-मुसलमान माणसं याच वाटेनं जातात. कागल म्हटलं की आज लोकांना राजकारण आठवतं. पण कागलचं राजकारण फार जुनं आहे.

विलायतेत वेल्सचे जमीनदार पिढ्यान्‌पिढ्या पार्लमेंटात बसत. आपल्याकडे जहागीरदार संस्थानाचा कारभार बघत. कोल्हापूरच्या नऊ जहागिरींपैकी कागलच्या थोरल्या पातीचे धनी होते जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे.

तो काळ कठीण होता. चौथे शिवाजी महाराज वेडे ठरवले गेले होते. दिवाण बर्व्यांवर लिहिलं म्हणून १८८२ साली टिळक-आगरकरांना चार महिन्यांची कैद झाली. त्याच साली आबासाहेब संस्थानाचे रीजंट झाले. पुढच्या वर्षी २५ डिसेंबरला अहमदनगरच्या किल्ल्यात एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. वय अवघं वीस.

गादीला वारस हवा होता. आबासाहेबांचे दोन मुलगे, यशवंतराव आणि पिराजीराव. त्यांची आई राधाबाई १८७७ सालीच वारलेली. १७ मार्च १८८४ रोजी आनंदीबाईंनी थोरल्या यशवंतरावांना दत्तक घेतलं आणि त्यांचं नाव शाहू ठेवलं. दत्तविधान म्हणजे कायद्यानं घर बदलणं. आईविना वाढलेला, कागलचा थोरला वारस, वयाच्या दहाव्या वर्षी बापाच्या घरातून उठला. बाप रीजंटच राहिला. म्हणजे आता तो आपल्याच मुलाच्या नावानं राज्य सांभाळत होता!

लोक म्हणतील, मुलगा राजा झाला, यात दुःख कसलं? मीही दोन लेकरांचा बाप आहे. घरातलं एक ताट कमी झालं, की मोठेपणानं ती जागा भरत नाही, एवढं मला कळतं.

आबासाहेब १८८६ मध्ये गेले. शाहू तेव्हा बारा वर्षांचेही नव्हते. १८९४ सालचा राज्याभिषेक, १९०२ मधलं पन्नास टक्के आरक्षण, १९०६ चं मुस्लिम बोर्डिंग, यांतलं काहीही त्या बापानं पाहिलं नाही.

शाहू महाराजांची जयंती आपण वाजतगाजत करतो, करायलाच हवी. मात्र त्या दिवशी कागलच्या त्या रिकाम्या ताटाचीही आठवण ठेवूया.