घाटाचें इंजिन

इंग्रजी कागदपत्रांत ‘भोर घाट’ हें नांव वाचून कोणी भोर गांवीं आगगाडी शोधूं लागला, तर त्याची फसगत होईल. भोर आणि वेल्हें या मुलखांत राजगड आहे, तोरणा आहे, महाडकडे उतरणारा वरंधा घाट आहे. परंतु लोहमार्ग नाहीं. साहेबाच्या लेखणीनें ज्याला भोर म्हटलें, तो आपला खंडाळ्याचा बोरघाट. सह्याद्रि मात्र तोच. आणि या सह्याद्रीनें इंजिनाचें रूपच कसें पालटविलें, तें पाहण्यासारखें आहे.

इंजिनाचें बळ वाफेंत असलें, तरी तें कामीं येतें चाकांच्या पकडीमुळें. चाक मोठें असलें कीं एका फेऱ्यांत गाडी अधिक अंतर कापते. १८९३ पासून प्रशियांत धांवूं लागलेलीं, पुढें ‘एस ३’ या नांवानें ओळखलीं गेलेलीं जलद गाड्यांचीं इंजिनें याचा उत्तम नमुना होत. त्यांचीं चालकचाकें १९८० मिलिमीटर, म्हणजे सुमारें साडेसहा फूट व्यासाचीं होतीं. उत्तर जर्मनीच्या सपाट मैदानांत तीं शोभलीं. अशीं हजाराहून अधिक इंजिनें बांधलीं गेलीं.

बोरघाटाचा हिशेब निराळा. सुमारें पंधरा मैलांत १८३१ फूट चढावयाचें, आणि कांहीं ठिकाणीं चढ ३७ फुटांस १ फूट! तेथें मोठें चाक जागच्या जागीं फिरूं लागेल. म्हणून १८६२ सालीं इंग्लंडांतील शार्प स्ट्यूअर्ट कारखान्यानें खास घाटासाठीं निराळीं इंजिनें घडविलीं. त्यांचीं सहा लहान चाकें एकमेकांस जोडलेलीं होतीं. पाण्याची टांकी घोड्यावरील खोगिराप्रमाणें बाष्पपात्रावर बसविलेली होती. त्यामुळें तिचा भारहि पकडीच्या कामीं येई. उतारावर गाडी आवरण्यासाठीं रुळांवरच दाबून बसणारे ब्रेक त्यांस लाविले होते.

परंतु इंजिनास वाट करून दिली ती माणसांनीं. १८५६ त आरंभलेल्या या कामांत २५ बोगदे खोदले गेले, ८ मोठे पूल उभारले गेले. १८६१ च्या सुमारास बेचाळीस हजार मजूर तेथें राबत होते. पटकीनें त्यांतील किती तरी दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ त हिंदुस्थानांत आला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिनें तें कंत्राट पुरें करविलें. २१ एप्रिल १८६३ रोजीं घाट खुला झाला. तिचें नांव इतिहासांत उरलें. सुरुंग लावणाऱ्या मजुरांचीं नांवें कोठें आढळत नाहींत.

१९३० च्या सुमारास घाटांत विजेचीं इंजिनें आलीं. तरीहि वर चढणाऱ्या अनेक गाड्यांस कर्जत येथें मागून जादा इंजिनें लावावीं लागतात. यंत्र बदललें, चढ तोच आहे.