धर्म बदलला, जातीचे काय?

धर्मांतराचा इतिहास शिकवताना मला ब्रह्मबांधव उपाध्याय हटकून आठवतात. हे बंगाली ब्राह्मण १८९१ साली कॅथॉलिक झाले. पुढे त्यांनी भगवी वस्त्रे धारण केली, वर्णाश्रमाचे समर्थन केले. १९०७ साली, मृत्यूपूर्वी, जातिनियम मोडल्याचे प्रायश्चित्तही घेतले. ख्रिस्त स्वीकारला, पण वर्ण शाबूत!

दलिताचा प्रवास निराळा. तमिळनाडूतील वडक्कनकुलमच्या कॅथॉलिक चर्चमध्ये १९१० पर्यंत वेल्लाळांना इतर जातींपासून वेगळे ठेवणारी भिंत होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्त्याला अनुसूचित जातींतून वगळले. शीख १९५६ साली, बौद्ध १९९० साली आत आले, तो बाहेरच आहे. त्याची जात सुटली नाही, सवलती सुटल्या.

म्हणून हा इतिहास बाप्तिस्म्यापाशी थांबवता येत नाही. पुढे तो माणूस कोणाच्या पंगतीला बसला, हे विचारलेच पाहिजे.