शिरूर–दौंड : पदवीच्या विज्ञान व अभियांत्रिकी शिक्षणाला शासकीय अर्थसाहाय्य

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड या लगतच्या तालुक्यांत विज्ञान-अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण सुधारावे, यासाठी मिळणारा केंद्र व राज्य शासनाचा पैसा. तो दोन वाटांनी येतो : विज्ञान महाविद्यालयात संस्थेच्या खात्यावर, खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्याच्या नावावर. दोन्हीकडच्या प्रयोगशाळांतला फरक बराचसा यातूनच पडतो.

दोन्ही तालुके उद्योगांचे आहेत. शिरूर तालुक्यात रांजणगाव औद्योगिक वसाहत, तर दौंड तालुक्यात रासायनिक कारखान्यांचे कुरकुंभ. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या मुलाला कुरकुंभला काम मिळू शकते, पण त्याने पदवीच्या काळात उपकरणे हाताळलेली असली तर. शिरूरचे चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय व दौंडचे के. जी. कटारिया महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत.

अनुदानित महाविद्यालयात शासनाचा सर्वांत मोठा खर्च मंजूर पदांच्या वेतनावर होतो. प्राध्यापकाचे पद रिक्त राहिले की नवे उपकरणही खोक्यातच राहते; म्हणून वेतन अनुदान हेच खरे गुणवत्ता-अनुदान म्हणायला हवे, योजनांच्या यादीत मात्र ते कधी दिसत नाही. त्याच आवारात विनाअनुदानित तत्त्वावर चालणाऱ्या तुकड्यांना हा आधार नसतो.

विकासाचा पैसा पूर्वी मुख्यतः विद्यापीठ अनुदान आयोगाकडून येई. १९५६च्या कायद्यातील २ (एफ) व १२ (बी) या कलमांखाली मान्यता असलेली महाविद्यालयेच त्यास पात्र ठरत. बाराव्या पंचवार्षिक योजनेनंतर (२०१२–१७) हा ओघ आटला. दरम्यान २०१३मध्ये राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान (रुसा) सुरू झाले. त्यात केंद्राचा हिस्सा राज्यामार्फत येतो व राज्य आपली भर घालते. २०२३पासून हीच योजना पीएम-उषा नावाने चालते आणि तीत महाविद्यालय-बळकटीसाठी ५ कोटी रुपयांपर्यंत अनुदानाची सोय आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेचे (नॅक) मूल्यांकन व प्रस्तावलेखन यांत मुरलेले महाविद्यालय येथे पुढे जाते. तालुक्याच्या ठिकाणी हे काम बहुधा तास घेऊन उरलेल्या वेळात करावे लागते.

विज्ञान विभागांसाठी खास दोन योजना आहेत. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘फिस्ट’ २०००मध्ये निघाली. तिचा भर उपकरणे व प्रयोगशाळेच्या पायाभूत सोयींवर. जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना (२००८) थेट पदवीवर्गांसाठी असून तीत आवर्ती खर्चालाही जागा आहे. हा तपशील किरकोळ नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटर एकदा घेता येतो. पण क्युव्हेट, दिवा, रसायने दरवर्षी लागतात, आणि ती संपली की प्रात्यक्षिक फळ्यावर उरकले जाते. एकरकमी अनुदानाचे हे दुखणे जुने आहे. विद्यापीठाची गुणवत्ता सुधार योजना अशा लहान गरजांना थोडा हातभार लावते.

अभियांत्रिकीचे चित्र वेगळे. १९८३मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. दौंड तालुक्यातील स्वामी चिंचोलीची दत्तकला संस्था खासगी क्षेत्रातली. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (२००९) शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, अवसरी खुर्दला आहे. खासगी महाविद्यालयात शासनाचा पैसा शिष्यवृत्ती व शुल्क-प्रतिपूर्तीच्या रूपाने येतो. आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. २०२४-२५पासून ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांतील ओबीसी, एसईबीसी व ईडब्ल्यूएस मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले. यामुळे प्रवेशाची अडचण सुटते, वर्कशॉपची नाही : तेथील यंत्रे मुख्यतः शुल्काच्या उत्पन्नातून घ्यावी लागतात आणि प्रतिपूर्ती रेंगाळली तर खरेदीही लांबते.

जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेला तांत्रिक शिक्षण गुणवत्ता सुधार कार्यक्रम (टेक्विप) २०२१मध्ये संपला. तिसऱ्या टप्प्यात त्याचा भर कमी उत्पन्नाच्या, ईशान्येकडील व डोंगराळ राज्यांवर होता; महाराष्ट्रातील निवडक संस्थांकडे तेथील महाविद्यालयांना मार्गदर्शन करण्याचे काम आले.