‘पाद्री’ आणि ‘पिता’ : एका शब्दाचे गोत्र

‘पाद्री’ हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. तथापि तो उच्चारताना सर्वांच्या मनात एकच भाव असतो असे नाही. श्रद्धावंताच्या मुखी तो आदराचा असतो, त्रयस्थाच्या मुखी केवळ पेशा सांगणारा. आणि वादाच्या प्रसंगी तोच शब्द ‘परक्या धर्माचा परका माणूस’ असे सुचवून जातो. आपल्या समाजात ‘फादर’ हे संबोधन रूढ झाल्यामुळे ‘पाद्री’ काहीसा मागेही पडला आहे. म्हणूनच या शब्दाचे कूळ एकवार तपासून पाहणे अगत्याचे वाटते.

हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला, हे सर्वश्रुत आहे. लॅटिनमध्ये पित्याला ‘पातेर’ म्हणतात. त्याच्या ‘पात्रेम’ या रूपापासून स्पॅनिश, इटालियन व पोर्तुगीज भाषांतील ‘पाद्रे’ सिद्ध झाला. पहिल्या दोन भाषांत तो जन्मदाता व धर्मगुरू या दोघांनाही लागतो. पोर्तुगिजांनी मात्र जन्मदात्याला ‘पाय’ म्हटले आणि ‘पाद्रे’ धर्मगुरूसाठीच राखून ठेवला. साहजिकच आपल्या किनाऱ्यावर हा शब्द उतरला तेव्हा ‘बाप’ हा त्याचा मूळ अर्थ मागेच राहिला होता. ‘पाद’ म्हणजे पाऊल, या आपल्या शब्दाशी असलेले त्याचे ध्वनिसाम्य निव्वळ योगायोगाचे होय.

त्याचे खरे नाते आहे ते ‘पिता’ या शब्दाशी. संस्कृत ‘पितृ’, फारसी ‘पिदर’, ग्रीक व लॅटिन ‘पातेर’ आणि इंग्रजी ‘फादर’ ही सारी एकाच मुळाची रूपे आहेत. जर्मानिक भाषांत मूळच्या ‘प’चा ‘फ’ झाला, हा नियम याकोब ग्रिम याने १८२२ साली मांडला. म्हणजे पिता, पाद्री व फादर ही तीन सख्खी भावंडेच. पहिले परंपरेने लाभलेले, दुसरे पोर्तुगीज गलबतांतून आलेले, तिसरे इंग्रजी अमदानीत रुळलेले.

हे भाषिक नाते ज्यांच्या प्रथम ध्यानी आले, त्यांत एक पाद्रीच होते. ‘क्रिस्तपुराण’कर्ते फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. २४ ऑक्टोबर १५८३ रोजी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात, इथल्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे त्यांनी नमूद केले. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात हाच विचार विस्ताराने मांडला तो १७८६ साली, म्हणजे तब्बल दोन शतकांनंतर.

या शब्दाचा संचारही थोडाथोडका नाही. १५८० साली फादर रुडॉल्फ अक्वाविवा आपल्या सहकाऱ्यांसह अकबराच्या फतेहपूर सिक्री येथील दरबारी पोहोचले आणि अबुल फझलच्या ‘अकबरनाम्या’त ‘पाद्री’ हा शब्द दाखल झाला. फारसी लेखणीच्या ‘पिदर’ला त्याचा दूरचा चुलतभाऊ भेटला तो असा! तमिळमध्ये तो ‘पादिरी’ झाला. ब्रिटिश सैन्यात धर्मगुरूला, मग तो कोणत्याही पंथाचा असो, ‘पाद्रे’ म्हणण्याची रीत हिंदुस्थानातील छावण्यांतूनच रुजली.

जपानमध्ये मात्र या शब्दाच्या नशिबी निराळे भोग आले. तेथे त्याचे ‘बातेरेन’ झाले आणि १५८७ साली हिदेयोशीने ‘बातेरेनां’ना देशाबाहेर घालविण्याचा हुकूम काढला. पुढे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया होते. ते पाद्री नव्हते, फ्रान्सिस्कन बंधू होते. १८६२ साली त्यांना संतपद देण्यात आले. १६१४ च्या धर्मबंदीनंतर तर ‘बातेरेन’ हा शब्द तेथे भीतीचा आणि तिरस्काराचाच होऊन बसला.

एकाच शब्दाला एका दरबारात मान मिळाला आणि दुसऱ्या देशात तो गुन्ह्याचे नाव ठरला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शब्दाचे मूळ व्याकरणकार सांगू शकतात. त्याची प्रतिष्ठा मात्र सत्तेच्या लहरीवर आणि तो धारण करणाऱ्यांच्या आचरणावर अवलंबून राहते. ‘पाद्री’ परका की आपला, या वादाला भाषेचा इतिहास उत्तर देतो ते असे : तो समुद्रमार्गे आलेला खरा, पण आपल्याच ‘पित्या’च्या गोत्रातला. तेव्हा त्याची लाज बाळगण्याचे आपल्याला कारण नाही आणि त्याला हिणविण्याचे इतरांनाही नाही. वाटेत गळून पडलेला वडीलकीचा अर्थ त्याला परत मिळवून देणे, हे तो शब्द मिरविणाऱ्यांचेच काम आहे.