स्वातीचा थेंब आणि मिसाकीचा शिंपला

दिवाळीच्या सुमारास सूर्य स्वाती नक्षत्रात असतो. या नक्षत्रातल्या पावसाचा थेंब उघड्या शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, असे आपण सर्वांनी लहानपणी ऐकले आहे. गेल्या दिवाळीत नातीला नऊवारी नेसवताना तिलाही मी हीच गोष्ट सांगितली. टोकियोत वाढलेली ती मुलगी माझ्या सासूबाईंची नथ निरखत म्हणाली, "आजी, यातला हा एकच मोती वेगळा का दिसतो?"

मूळचा मोती कधीतरी निसटून हरवला होता आणि सोनाराने त्या जागी जपानी कल्चर मोती बसवला होता. बाकीचे सगळे बसऱ्याचे. त्या एका मोत्याला सासूबाई शेवटपर्यंत "खोटा" म्हणत आणि पस्तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवूनही मी त्यांना कधी उलट बोलले नाही. नातीला मात्र खरे ते सांगायला हवे होते. त्या उत्तराची सुरुवात आपल्या या शहरातच होते.

१८७७ साली एडवर्ड मोर्स हे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जपानच्या किनाऱ्यावरचे ब्रॅकिओपॉड, म्हणजे शिंपल्यासारखे दिसणारे समुद्री जीव, अभ्यासायला आले. योकोहामाहून टोकियोला येताना आगगाडीच्या खिडकीतून त्यांना ओमोरीचा प्राचीन शिंपल्यांचा ढिगारा दिसला. जपानी पुरातत्त्वशास्त्राचा आरंभ म्हणून तो प्रसंग प्रसिद्ध आहे. त्याच उन्हाळ्यात त्यांनी एनोशिमाला एक छोटी प्रयोगशाळा थाटली आणि ते टोकियो विद्यापीठाचे प्राणिशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्यानंतर जळवांच्या अंड्यांचा अभ्यास केलेले चार्ल्स व्हिटमन आले, आणि १८८२ मध्ये त्या जागेवर पहिले जपानी प्राध्यापक बसले, मित्सुकुरी काकिची.

मित्सुकुरी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम ब्रुक्स यांच्या हाताखाली शिकले होते. ब्रुक्स यांनी अमेरिकन कालवांची अंडी आणि शुक्रपेशी भांड्यातल्या पाण्यात एकत्र करून गर्भाची वाढ डोळ्यांनी पाहिली होती. मित्सुकुरींनी तिथे शिंपल्यांच्या कल्ल्यांवर संशोधन केले. "समुद्राचा जीव समुद्राकाठीच अभ्यासावा" ही शिकवण घेऊन ते परतले आणि त्यांच्या प्रयत्नांतून १८८६ मध्ये मिसाकीचे सागरी जीवशास्त्र केंद्र उभे राहिले. १८९७ मध्ये ते जवळच्या आबुरात्सुबोला हलले. आजही ते तिथेच आहे; शिनागावाहून केइक्यू गाडीने मिसाकीगुची आणि पुढे बसने जाता येते.

त्या काळी गर्भशास्त्रज्ञांना पडलेला प्रश्न साधा होता : एका अंड्यातून वेगवेगळी ऊतके कशी तयार होतात? शिंपले आणि गोगलगाई यांची अंडी त्यासाठी सोयीची होती. मोत्याच्या शिंपल्याचे अंडे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे. फलनानंतर एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. तिसऱ्या विभाजनात वरच्या चार लहान पेशी खालच्या मोठ्या पेशींच्या बरोबर वर न बसता किंचित वळून त्यांच्या खाचांत बसतात. हे वळण इतके ठरलेले असते की पेशीन् पेशीची वंशावळ मांडता येते. ब्रुक्स यांचेच दुसरे विद्यार्थी एडविन कॉन्क्लिन यांनी १८९७ मध्ये क्रेपिड्युला या समुद्री गोगलगाईची अशी वंशावळ प्रसिद्ध केली.

आपल्याला हवा तो धागा या वंशावळीत सापडतो. गर्भाच्या पाठीवर, बाह्यस्तरातल्या पेशींचा एक ठिपका जाड होतो आणि आत दबतो. तिथूनच कवचाचा पहिला पापुद्रा पाझरतो. सुमारे एका दिवसात पाण्यात पोहणाऱ्या इवल्याशा जिवाला दोन झडपांचे कवच येते. त्या ठिपक्याच्या कडा पसरत जाऊन प्रावार बनतो, म्हणजे शिंपल्याच्या आतले मऊ अस्तर. जन्मभर कवच घडवण्याचे काम या अस्तराच्या बाहेरच्या थरातल्या पेशी करतात.

तोबा गावचे मिकिमोतो कोकिची मित्सुकुरींना भेटले ते १८९०च्या सुमारास. उदोन विकणाऱ्याचा हा मुलगा मोती पिकवायची जिद्द धरून होता. शिंपल्यात बाहेरची वस्तू सारली तर मोती होऊ शकेल, असे मित्सुकुरींनी त्यांना सांगितले. १८९३च्या जुलैत पहिला मोती मिळाला, पण तो अर्धगोल, कवचाला चिकटलेला. गोल मोती काही केल्या साधेना.

ते कोडे सोडवणाऱ्यांत मित्सुकुरींच्याच विभागात शिकलेले निशिकावा तोकिची होते. ते मिकिमोतोंचे जावई. मिसाकीच्या केंद्रात त्यांच्या लक्षात आले की नुसता कण घालून भागत नाही; सोबत प्रावाराचा तुकडा हवा. एका शिंपल्यातला चिमुकला तुकडा कापून मण्यासोबत दुसऱ्या शिंपल्याच्या अंगात ठेवला, की त्या पेशी वाढत मण्याभोवती पिशवी करतात आणि गर्भावस्थेपासून ठाऊक असलेले काम पुन्हा सुरू करतात. कवचाऐवजी मण्यावर थर चढतो, इतकाच फरक. मिसे तात्सुहेई नावाच्या सुताराने स्वतंत्रपणे हीच युक्ती शोधली होती. दोघांनीही १९०७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केले. निशिकावा १९०९ मध्ये, पस्तिशीच्या आतबाहेर, वारले. त्याच वर्षी मित्सुकुरीही गेले. निशिकावांचे पेटंट मंजूर झाले १९१६ मध्ये. गिन्झाच्या दुकानावर सासऱ्यांचे नाव आहे; जावयाचे नाव आज फार थोड्यांना माहीत आहे.

हे गोल मोती बाजारात आल्यावर युरोपातल्या जवाहिऱ्यांनी त्यांना नकली ठरवण्याचा प्रयत्न केला. १९३०च्या आसपास जागतिक मंदी आणि जपानी मोती एकदम आले, तेव्हा नैसर्गिक मोत्यांचे भाव कोसळले. इराणच्या आखातातले पाणबुडे आणि आखाती मोत्यांची मोठी पेठ असलेल्या मुंबईतले व्यापारी, दोघांनाही तो घाव बसला. सासूबाईंच्या तोंडचा "खोटा" हा शब्द त्या काळातून आलेला असावा.

शास्त्राच्या दृष्टीने मात्र तो खोटा नाही. बसऱ्याचा मोती असो वा जपानचा, दोन्ही शिंपले एकाच पिंक्टाडा वंशातले, थर तोच आणि तो चढवणाऱ्या पेशीही त्याच. आत मणी आहे की नाही हे पाहायला क्ष-किरण लागतात. फरक एवढाच, की एका शिंपल्यात ते ऊतक योगायोगाने आत गेले आणि दुसऱ्यात माणसाने नेऊन ठेवले.

नातीने हे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे याला आपल्या जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवलं, आणि तरी त्यानं तेच केलं." मी हो म्हटले. ती बसऱ्याच्या मोत्यांमधला तो जपानी मोती बोटाने चाचपत राहिली. सासूबाई असत्या तर त्यांना या वेळी मी नक्की उलट बोलले असते.