प्राणवायूची मात्रा

ज्याच्या आधारे आपण जगतो, तेच आपल्याला अपाय कसे करील, ही समजूत माणसाच्या मनात फार खोल रुजलेली आहे. प्राणवायूच्या इतिहासाने मात्र ती वारंवार खोटी ठरविली आहे, आणि त्यात डोळ्याची साक्ष मोलाची आहे.

प्रीस्टलेने १७७४ साली हा वायू वेगळा केला. त्यात मेणबत्ती भराभर जळून जाते, तसे निरोगी माणसाचे आयुष्यही लवकर सरेल की काय, ही शंका प्रथम त्यानेच व्यक्त केली. दाबाखालील प्राणवायूने प्राण्यांना झटके येतात, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली मांडले. पुढे १९३०–४० च्या दशकात अमेरिकन आरमाराचे डॉक्टर बेन्की व त्यांचे सहकारी यांनी माणसांना तीन वातावरणांच्या दाबाखाली प्राणवायू दिला. चौथ्या तासाला दृष्टीचा घेर आकसू लागला. साध्या हवेत परतल्यावर तो पूर्ववत झाला. डोळ्याने दिलेला हा इशारा होता.

पण १९६० साली अ‍ॅमस्टरडॅमच्या बूरेमा यांनी रक्तपेशी जवळजवळ काढून घेतलेली डुकरे दाबाच्या कोठीत जगवून दाखविली, आणि या उपचाराविषयी मोठा उत्साह उत्पन्न झाला. चिघळलेल्या जखमांसाठी रोगी महिनोन्‌महिने कोठीत बसू लागले. त्यांतील अनेकांना दूरचे अंधुक दिसू लागले. उपचार थांबल्यावर हा दोष बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतो. परंतु १९८४ साली स्वीडनमधील डॉक्टरांनी दीर्घ उपचार घेतलेल्या २५ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. आरंभी ज्या १५ जणांचे भिंग निर्मळ होते, त्यांपैकी ७ जणांना मोतीबिंदू झाला. आणि मोतीबिंदू आपोआप ओसरत नाही. भिंगाच्या गाभ्यात प्राणवायू स्वभावतःच अत्यल्प असतो. ती उणीवच त्याचे रक्षण करते, असे आता दिसते.

हे उपचार दीडशेहून अधिक वेळांचे होते. आज बहुधा तीस-चाळीस बैठका पुरतात. म्हणून ही कोठी टाकाऊ आहे, असे आम्ही म्हणत नाही. तिने कित्येकांचे पाय वाचविले आहेत. आमचे म्हणणे एवढेच, की पाय वाचविताना डोळ्याचा हिशेब रोग्यापुढे आधी मांडला जावा, डोळे अगोदर तपासले जावेत, आणि नजर स्थिर होईपर्यंत नव्या चष्म्याची घाई नसावी. औषध मात्रेनेच औषध ठरते. प्राणवायूही त्याला अपवाद नाही.